त्या दिवशीची हवा

वर्षाराणी ढगे रडली नाही. धर्मेशला त्याचीच भीती वाटली.

"माझे मिस्टर गेल्या महिन्यात गाडीत जळून गेले," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, त्यांनी स्वतःच पेटवून घेतलं. खरं काय ते मला हवंय."

पालघरच्या कचेरी रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानावर तेजल चुरीचं ऑफिस होतं. विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्या तपासण्यात तेजलने बारा वर्षं काढली होती. मग कंटाळून तिने स्वतःचं शोधकाम सुरू केलं. धर्मेश तिची गाडी चालवायचा, फायली लावायचा आणि मतं द्यायचा. मतं तो लवकर द्यायचा आणि उशिरा मागे घ्यायचा.

"सुरुवातीपासून सांगा," तेजल म्हणाली.

वर्षाराणीने सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. नवरा विक्रम, वय अडतीस. मूळचे वाशीमकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, कारखाना जुलैत बंद पडला. चार महिने घरीच. अठरा नोव्हेंबरला पालघरच्या एका गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी त्याला बोलावलं होतं. जुनी छोटी पांढरी गाडी चालता चालता बंद पडायची, म्हणून आदल्या दिवशी ती कुंभवलीच्या नागोराव मिस्त्रींकडे टाकली होती. सकाळी दहाला त्याने गाडी घेतली. साडेअकराच्या आत, उमरोळीच्या अलीकडे, गाडी आतून पेटली.

"आग मागच्या सीटपाशी लागली म्हणे. तिथे पेट्रोल होतं. आणि एक वितळलेला कॅन."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"अकराला फोन आला होता. म्हणाले, आज हवेत फार वास आहे. घराच्या खिडक्या बंद ठेव, स्वराला बाहेर सोडू नको."

"वास होता?"

"मी कपडे वाळत घालायला बाहेर होते. मला तर काही आला नाही." ती थांबली. "दीर म्हणतात, त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्याचीच ही खूण."

धर्मेशने मान डोलावली. तेजलने त्याच्याकडे पाहिलं, तशी त्याने मान थांबवली.

"स्वरा नऊ वर्षांची आहे," वर्षाराणी म्हणाली. "रोज विचारते, पप्पा आपल्याला सोडून गेले का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला काहीच वाटत नाही, मॅडम. परवा तव्यावर हात पोळला, तो फोड आल्यावर दिसला. पण तिला काहीतरी सांगावं लागेल ना."

---

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीचा जळलेला सांगाडा उभा होता. तेजल बॅटरी घेऊन मागच्या दारातून आत वाकली. सीट राहिलीच नव्हती. सीटखालच्या पत्र्यात एक गोल भोक होतं. त्याखाली पेट्रोलच्या टाकीचं तोंड, आणि त्या तोंडावर लोखंडी कडी. इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीत सोडून वरून आवळतात ती. तेजल तिथे बराच वेळ पाहत राहिली.

"काय दिसलं?" धर्मेशने विचारलं.

"काडीभर फट."

"म्हणजे?"

"कडी एका बाजूला काडीभर वर आहे. आगीने असं होऊ शकतं. बसवतानाही होऊ शकतं." तिने हात पुसले. "आपण अजून काही म्हणायचं नाही."

"मी म्हणतो," धर्मेश म्हणाला. "कॅन सापडला, पेट्रोल सापडलं, नोकरी नव्हती. यात शोधायचं काय?"

---

ढग्यांचं घर कुंभवलीत, वसाहतीच्या कुंपणापासून फार लांब नाही. दोन खोल्या, आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. दुपार असून दिवा लागला होता. आत इतकं कोंदटलं होतं, की धर्मेश दारातच उभा राहिला.

विक्रमचा धाकटा भाऊ सुजित खुर्चीच्या कडेवर बसला होता. वीजकेंद्रात कंत्राटावर काम करायचा.

"मीच पोलिसांना सांगितलं," तो म्हणाला. "तो खचला होता. तीन-तीन दिवस दाढी करायचा नाही. आदल्याच दिवशी मी त्याला बोललो, माणसाने किती दिवस घरात बसावं. नको ते बोललो. तो काहीच बोलला नाही, हसला फक्त."

"म्हणून तुम्हाला वाटतं त्याने..."

"मला वाटतं, मी मारलं त्याला." सुजितने चेहरा वळवला. हे त्याने महिनाभर कोणाला सांगितलं नसावं, कारण स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"त्या सकाळी दाढी केली होती का?" तेजलने आतल्या दिशेने विचारलं.

"केली होती," वर्षाराणी आतून म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घातला होता. निळा."

---

उमरोळीच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर दादू नावाचा म्हातारा कामाला होता. त्याला पांढरी गाडी पक्की आठवत होती. त्याच दिवशी ती जळाली, म्हणून.

"सव्वादाच्या सुमाराला आलता. आदी कॅनमदलं होतं ते स्वताच टाकीत वतलं. मंग म्हनला, फुल्ल कर. काठोकाठ भरली."

"कॅन रिकामा झाला?"

"उलटा करून झटकला ना त्यानी. मंग हवा भरली. चारी टायर, आनि डिकीतली स्टेपनी पन काडली. म्हनला, आता रोज पालघरला जावं लागंल, काका."

"तोंडावर काही दुःख?"

"दुःक कसलं? शिट्टी वाजवत व्हता."

गाडीत बसल्यावर धर्मेशने किल्ली फिरवली. मग म्हणाला, "मरायला निघालेला माणूस स्टेपनीत हवा भरत नाही."

"नाही."

"पण मग मिस्त्रीच! त्याचं कोणाशी वैर असेल, विक्रमशी नाहीतर..."

"आधी भेटू तरी त्याला," तेजल म्हणाली.

---

त्या दिवशी कुंभवलीत हवा वाईट होती. सडक्या अंड्यासारखा आणि थिनरसारखा, असे दोन वास एकमेकांत मिसळले होते. रस्त्यावरच्या माणसांनी तोंडाला रुमाल बांधले होते. धर्मेशने गाडीची काच चढवली, बाहेरची हवा बंद केली, एसी लावला. इथे सगळेच असं करतात.

गॅरेज साधं होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. नागोराव पन्नाशीचे, दणकट, तोंडाला रुमाल न लावताच बाहेर आले.

"तुम्हाला त्रास होत नाही?" धर्मेशने रुमालातून विचारलं.

"चौदा वर्षं रंगाच्या कंपनीत काढली की साहेब. रिअ‍ॅक्टरपाशीच होतो. त्याच्यापुढं हे काय?" त्यांनी स्टूल पुसून पुढे सरकवलं. "बसा ताई. च्या टाकतो."

मागच्या गॅसवर त्यांनी दूध ठेवलं आणि त्याकडे पाठ करून बोलायला बसले. विक्रमचं नाव निघताच त्यांचे हात मांडीवर स्थिर झाले.

"पंप गेला होता. नवीन टाकला. टाकी रिकामी केल्याबिगर पंप निघत नाही, म्हणून उरलेलं पेट्रोल त्यांच्याच कॅनमध्ये काढलं. पेट्रोल पंपापर्यंत पुरंल एवढं परत टाकीत घातलं, बाकीचं कॅनसकट दिलं. जुना पंप पण दिला. गिऱ्हाइकाला वाटू नये, मिस्त्रीनं ठेवून घेतलं. माझी रीतच आहे."

"काम एकट्याने केलं?"

"होय. कमलेश सुट्टीवर होता."

"नंतर विक्रम परत आला नाही?"

"दहाला गाडी नेली," नागोराव म्हणाले. ते उत्तर नव्हतं, पण धर्मेशने ते वहीत लिहून घेतलं.

एवढ्यात कमलेश, त्यांचा तिशीतला जोडीदार मिस्त्री, खड्ड्यातून घाईने वर आला. "शेट, दूध!" गॅस त्यानेच बंद केला. भांड्याचा तळ काळा झाला होता आणि शेडभर करपट वास पसरला होता. नागोरावांनी वळून पाहिलं. "हां, ऱ्हायलंच," ते म्हणाले.

तेवढ्यात एक शाळामास्तर गाडी घेऊन आले. हीटर लावला की आत कसलातरी वास येतो, ही त्यांची तक्रार.

"कसा येतो? जळका, का गोड?" नागोरावांनी विचारलं. "गूळ उकळल्यासारखा?"

"अगदी तसाच."

"काच आतून चिकट होते? पाणी कमी होतंय?"

"हो!"

नागोरावांनी पुढच्या सीटखालच्या गालिच्यावर बोट दाबलं आणि ते बोट कमलेशपुढे धरलं. कमलेशने हुंगलं. "कूलंटच हाय शेट."

"हीटरची जाळी फुटली. उद्या सोडा गाडी."

धर्मेश भारावून गेला. "बॉनेट न उघडता रोग ओळखला! काय माणूस आहे!"

 तेजलचं लक्ष त्या बोटाकडे होतं. जाता जाता तिने कमलेशला गाठलं.

"सुट्टी कशाची होती?"

"कापनीला गेलतो ताई, जव्हारकडं, घरी. भात उबा ऱ्हायलाता. चार दिस लागलं." तो पाना पुसत राहिला. पाना स्वच्छच होता. "मी असतो तं..."

"तर काय?"

"काय नाय."

समोर चहाची टपरी होती. गोजराबाई शेजारच्या नवापूरहून रोज येऊन ती चालवायची.

"पांढरी गाडी? दोनदा आली ती," ती म्हणाली. "दाला गेली, नि पाऊन तासात परत. मी भायेरच बसलेली, गिऱ्हाईकच नवतं. वसाहतीत लाईनीचं काम, शटडाऊन. कंपन्या सगळ्या बंद, दिवसभरात चार कप खपले नाय."

"परत येऊन काय केलं?"

"चारी दारं उगडली. मंग तो नि नागोराव, दोगं मागच्या सीटवर वाकले, देवळात वाकतात तसे. नागोरावनी मान हलवली. त्या पोरानी दारं लावली नि गेला. पाच मिन्टं नसतील झाली."

तेजलने चहा संपवला. कप ठेवताना म्हणाली, "धर्मेश, उद्या वर्षाराणींना आणि सुजितला इथे घेऊन ये."

"म्हणजे कळलं?"

"आधीच कळायला हवं होतं. वर्षाराणींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

---

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे जमले. वर्षाराणी स्टुलावर, हात मांडीवर. सुजित तिच्या मागे. नागोराव खड्ड्याच्या कडेला उभे, कमलेश त्यांच्या बाजूला, नेहमीपेक्षा जवळ.

"विक्रमने स्वतःला पेटवून घेतलं नाही," तेजल म्हणाली. "हे आधी ऐकून ठेवा. कॅनमधलं पेट्रोल गॅरेजमध्ये याच टाकीतून काढलेलं होतं. पंपावर विक्रमने तो टाकीत ओतून रिकामा केला आणि उलटा करून झटकला. दादूने पाहिलंय. मग त्याने टाकी काठोकाठ भरली, स्टेपनीत हवा घातली आणि म्हणाला, आता रोज पालघरला जावं लागेल."

सुजितने भिंतीला हात टेकला.

"मग मागच्या सीटखाली पेट्रोल आलं कुठून? टाकीतला पंप तिथेच बसतो. त्यावरची कडी काडीभर तिरकी बसली होती, खालचं रबर दुमडलं असणार. टाकी जवळजवळ रिकामी असताना त्यातून थेंब येणार नाही. डोळ्यांना काही दिसणार नाही. टाकी भरली, पहिला ब्रेक लागला, की पेट्रोल वर येणार. ही चूक चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही होते. मी अशा गाड्या पाहिल्यात."

"म्हणजे चूकच ना?" धर्मेश म्हणाला. "पण लक्षात कसं आलं नाही? पेट्रोलचा वास तर..."

"तेच," तेजल म्हणाली. "रबर नीट बसलं नाही, तर रिकाम्या टाकीचाही वास येतो. प्रत्येक मिस्त्री शेवटी वाकून हुंगतो. विक्रमलाही वास आला. पंपावरून निघाल्यावर आला, आणि तो पालघरचं सोडून उलटा इथे आला. चारी दारं उघडली. दोघं आत वाकले."

तिने पिशवीतून कापसाचे दोन ओले बोळे काढले आणि नागोरावांच्या हातांवर एकेक ठेवला.

"यातला एक पाण्यात बुडवलाय, एक पेट्रोलमध्ये. कुठला कशात, ते सांगा."

धर्मेशला चार हातांवरून वास आला. नागोरावांनी दोन्ही बोळ्यांकडे पाहिलं. कमलेश किंचित पुढे झाला, तसं त्यांनी मानेनेच त्याला थांबवलं. ते नाकाजवळ काहीच घेऊन गेले नाहीत.

"बास ताई," ते म्हणाले. "येत नाही मला वास. आठ वर्षं झाली."



"काल दूध तुमच्या पाठीमागे करपलं," तेजल शांतपणे म्हणाली. "बाहेर सगळ्यांनी रुमाल बांधले होते, तुम्ही नाही. गिऱ्हाइकाला वास कसा आहे ते तुम्ही इतकं बारकाईने विचारता, आणि बोट मात्र कमलेशपुढे धरता. आम्हाला ती हुशारी वाटली. हुशारी होतीच."

"शेटचं नाक मी होतो," कमलेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "कोनाला सांगू नको म्हनलेलं. नाक नसलेल्या मिस्त्रीकडं कोन गाडी टाकंल? मी कापनीला गेलो, ताई. चार दिस. मी इतं असतो तं..."

"विक्रम परत आला तेव्हा काय झालं?" तेजलने नागोरावांना विचारलं.

नागोरावांनी दोन्ही बोळे खड्ड्याच्या कडेवर ठेवले.

"म्हणाले, मिस्त्री, पेट्रोलचा वास येतोय. मी वाकलो. सीटवर हात फिरवला, कोरडी होती. नाक ओढलं. मला काय येणार? 'थांबा, सीट काढून बघतो' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण हुंगायचं नाटक केल्यावर परत कसं म्हणावं? मी म्हणालो, गाडीत काही नाही, कंपन्यांचा वास असंल. काचा लावा, एसी लावा. त्यांना मुलाखतीला उशीर होत होता. त्यांनी ऐकलं." त्यांचा आवाज कोरडा होता. "माझ्यावर विश्वास होता त्यांचा."

"दुसऱ्या गावात कोणी ऐकलं नसतं," तेजल म्हणाली. "इथे हवेला रोज कसला ना कसला वास असतो, थिनरचासुद्धा. म्हणून विक्रमने ऐकलं, काचा लावल्या, पेट्रोलची वाफ स्वतःसोबत कोंडून घेतली. मग पंपाच्या वायरीची एक ठिणगी पुरते." ती वर्षाराणीकडे वळली. "आणि त्याआधी त्याने तुम्हाला फोन केला. हवेत फार वास आहे म्हणाला. पण त्या दिवशी वसाहतीत शटडाऊन होता, कंपन्या बंद होत्या. हवा स्वच्छ होती, तुम्हाला वास आला नाही तो म्हणूनच. वास फक्त गाडीत होता. त्याचं डोकं ठिकाणावर होतं, वर्षाराणी. त्याला खरंच वास येत होता, आणि त्याला तुमची काळजी वाटली."

वर्षाराणी हलली नाही. मग तिने विचारलं, "ते परत आले होते? इथे?"

"हो."

"गाडी नीट करून घ्यायला?"

"हो."

तिने नागोरावांकडे पाहिलं. राग आहे का ते धर्मेशने शोधलं, त्याला सापडला नाही. दया तर नव्हतीच.

"महिनाभर तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "माझी मुलगी रोज विचारत होती. आणि तुम्हाला माहीत होतं."

नागोराव खाली बसले. "मी आत्ता ठाण्यावर जातो," ते म्हणाले. "सगळं लिहून देतो." उठताना त्यांनी भिंतीवरचा पाना सरळ केला, सवयीने, आणि मग एकदम हात मागे घेतला. कमलेशने त्यांच्या मागे शटर ओढलं.

---

परत जाताना गाडीत सुजित रडत होता, लहान मुलासारखा, आवाज करून.  आपण नागोरावांची तारीफ केली, हे धर्मेशला पुन्हा पुन्हा आठवत होतं. वर्षाराणी समोर बघत होती.

घराच्या दारात स्वरा दप्तर घेऊन उभी होती.

"पप्पा सोडून नाही गेले," वर्षाराणी तिला म्हणाली. तिथेच, चप्पल न काढता. "गाडी बिघडलेली होती. ते नीट करून घ्यायला परत गेले होते. त्यांना घरी यायचं होतं."

स्वराने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

मग वर्षाराणी आत गेली आणि खिडकीची कडी ओढू लागली. महिनाभर न उघडलेली कडी घट्ट बसली होती. विक्रमने बंद ठेव म्हटल्यापासून तिने एकही खिडकी उघडली नव्हती. सुजित मदतीला धावला, तिने त्याला बाजूला केलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा पोळल्याचा फोड फुटला आणि ती "आई गं" म्हणून कळवळली. कडी निघाली.

कंपन्या जोरात चालू होत्या. बाहेरची सगळी घाण हवा खोलीत शिरली. स्वराने नाक धरलं.

"मम्मी, वास येतोय."

"येऊ दे," वर्षाराणी म्हणाली, आणि खिडकीचे गज धरून रडायला लागली.

तेजलने धर्मेशला खूण केली. दोघं पायऱ्या उतरून खाली आले. गाडीत बसल्यावर धर्मेशचा हात काचेच्या बटणाकडे गेला, आणि तिथेच थांबला. पालघरपर्यंत त्याने काचा उघड्याच ठेवल्या.